पेन, पेन्सिल आणि क्लीनरचे पाय

माझ्या थोरल्या बहिणीला घरात सगळे गोचीड म्हणतात. अगदी तोंडावर म्हणतात, आणि तिला त्याचं काही वाटत नाही. हे नाव बाबांनी ठेवलं, ती नऊ वर्षांची असताना. आमच्या मागच्या अंगणात एक भुरी मांजर यायची. एके दिवशी ती मान वाकडी करून गोल गोल फिरायला लागली. शेजारच्या काकू म्हणाल्या, हिला वेड लागलंय. आई म्हणाली, तिला दूध दे आणि अभ्यासाला बस. ताई बसली, पण खडू घेऊन मांजरामागे! मांजर जिथून वळेल तिथे फरशीवर खूण. दोन दिवस शाळा नाही, आंघोळ नाही, हाक मारली तर ओ नाही. तिसऱ्या दिवशी तिने बाबांना हाताला धरून ओढत नेलं आणि म्हणाली, "बत्तीस गोल. सगळे डावीकडे. हिच्या डाव्या बाजूला काहीतरी आहे."

जनावरांच्या डॉक्टरांनी डाव्या कानात बॅटरी मारली, तर आत पू. औषधं झाली आणि मांजर सरळ चालायला लागली. मान तेवढी जन्मभर किंचित तिरकी राहिली, त्यामुळे ती कायम आपल्याला काहीतरी विचारतेय असं वाटायचं. बाबा म्हणाले, "ही पोरगी नाही, गोचीड आहे. चिकटली की सुटत नाही." तेव्हापासून तेच नाव चिकटलं.

आता ही गोचीड जनावरांची डॉक्टर आहे, आणि त्यातही मेंदू आणि नसांची. ज्यांना फिट येते, ज्यांचे पाय लुळे पडतात, ज्यांची मान वळते ती वळलेलीच राहते, अशी सगळी कुत्रीमांजरं तिच्याकडे येतात. मी तिच्या दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसते. फोन घेणं, नंबर लावणं, केसपेपर काढणं आणि रडणाऱ्यांना पाणी देणं ही माझी कामं. बारा वर्षं झाली. कुत्र्यांना मी हात लावणार नाही, हे पहिल्याच दिवशी ठरलेलं. मला त्यांच्या केसांचा वास सहन होत नाही, आणि त्यांना माझा आवाज.

ताई काम करताना बघायला मात्र मला फार आवडतं, हे मी तिला कधी सांगितलेलं नाही. उगाच डोक्यावर चढेल. काय झालंय हे ती आधी विचारतच नाही, कुठे झालंय ते आधी शोधते. घरातला दिवा लागत नसेल तर बल्ब गेलाय, बटण गेलंय की मीटरच बंद आहे, हे आधी बघावं लागतं ना, तसंच. ती कुत्र्याला आमच्या लांबलचक व्हरांड्यात चालवते आणि स्वतः जमिनीवर पालथी पडून त्याचे पाय बघते. मग त्याचा पंजा उलटा करून फरशीवर टेकवते. धडधाकट कुत्रा क्षणात तो सरळ करतो, कारण पाय चुकीचा पडलाय हे त्याच्या मेंदूला कळलेलं असतं. ज्याची वाट मध्येच कुठेतरी तुटलीय तो उलट्या पंजावर तसाच उभा राहतो, आणि मालक कौतुकाने म्हणतो, "बघा, किती शहाणा आहे, हलला नाही!" मग गुडघ्यावर छोटी रबरी हातोडी, मग बोटांना चिमटा, मग डोळ्यांत बॅटरी. एकेक टप्पा झाला की तिच्या चेहऱ्यावर जे काही येतं, ते मी दागिन्यांच्या दुकानात गेलेल्या बायकांच्या चेहऱ्यावरही पाहिलेलं नाही.

आणि तिचा एक नियम आहे. मालकाने सांगितलेलं सगळं केसपेपरवर पेन्सिलने लिहायचं. स्वतःच्या हातांनी तपासलेलं तेवढं पेनने. याला कारण एक मांजर. मान छातीवर लटकलेली, चालताना झोकांड्या. मालकीणबाई शपथेवर सांगत होत्या की ते सगळं खातं. ताईने ते पेनने लिहिलं आणि पुढे गेली. चौथ्या दिवशी कळलं की "सगळं" म्हणजे कच्ची मासळी, दुसरं काहीही नाही. एका जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली, आणि दुसऱ्या दिवशी मांजराने मान वर करून माझ्याकडे तुच्छतेने पाहिलं. ताईला आनंद झाला, पण वाया गेलेल्या तीन दिवसांचा राग त्याहून जास्त. त्या दिवशी तिने पेन्सिलींचं एक अख्खं खोकं आणलं. लोक खोटं बोलतात असं तिचं म्हणणं नाही. त्यांनी बघितलेलं नसतं, एवढंच.

आता क्लीनरची गोष्ट.

सकाळी नऊला फोन वाजला. पलीकडून एक घोगरा पुरुषी आवाज. "मॅडम, माझ्या क्लीनरचे पाय गेलेत. काल पाय गेले, आज सकाळी हात पण गेले."

"अहो, मग मोठ्या दवाखान्यात न्या त्याला! इथे कुत्रीमांजरं तपासतात."

"म्हणूनच तर फोन केला."

"तुमच्या क्लीनरला कुत्र्यांच्या दवाखान्यात आणता? काही माणुसकी?"

तो म्हणाला, "मॅडम, क्लीनर हे माझ्या कुत्र्याचं नाव आहे."

अर्ध्या तासात दारात ट्रक उभा राहिला, अख्खा रस्ता अडवून. ड्रायव्हर पन्नाशीचा, दणकट, अंगावर दोन दिवसांचा शर्ट. त्याच्या हातांवर एक भलामोठा केसाळ कुत्रा, ओल्या गोधडीसारखा लोंबत होता. जेवढा कुत्रा, तेवढेच केस. हनुवटीखाली तर दाढीच.

तपासणीच्या टेबलावर ठेवता ठेवता ड्रायव्हर बोलत होता. खरा क्लीनर चार वर्षांपूर्वी काम सोडून गेला, आणि त्याच आठवड्यात हे पिल्लू एका पेट्रोल पंपावर गाडीत चढलं ते शेजारच्या सीटवर बसलं. "याचं काम एकच. माझी मान खाली गेली की भुंकायचं. दोनदा मला डुलकी लागली डॉक्टर, दोन्ही वेळेस यानं भुंकून उठवलं. एकदा तर समोर पूल होता." त्याने कुत्र्याच्या डोक्यावर हात ठेवला. "काल एका ठिकाणी दाखवलं. म्हणाले, पाठीचा कणा गेलाय, झोपवून टाका. मी म्हटलं, अजून एकाला विचारतो."

ताईचे डोळे तेव्हाच चमकायला लागले होते. "आवाज? भुंकतो का?"

"तेच तर! परवापासून आवाज बसलाय. भुंकायला जातो आणि नुसती फुंकर निघते."

"पाठ मोडलेल्या कुत्र्याचा आवाज कशाला जाईल?" ताई म्हणाली. हे ती कुणालाच म्हणत नव्हती. "ए, पेन्सिल दे गं."

मी माझ्या टेबलावर पाहिलं, खणात पाहिलं. तेवढ्यात फोन वाजला. "नाहीये इथे," मी ओरडले आणि फोन घेतला. ताईने खिशातलं पेन काढलं. त्या एका क्षणाबद्दल मी पुढे स्वतःला भरपूर शिव्या घातल्या आहेत.

हातोडी चारही पायांवर पडली, एकही पाय उडाला नाही. पण बोटाला चिमटा घेतल्याबरोबर क्लीनरने डोळे वळवून ताईकडे रागाने पाहिलं. "कळतंय!" ताई जवळजवळ नाचली. "सगळं कळतंय याला! फक्त हलवता येत नाहीये. मेंदू ठीक, कणा ठीक. बिघाड बाहेरच्या नसांमध्ये आहे, चारही पायांत, घशात..." आणि एकदम तिचा आवाज खाली आला. तिने कुत्र्याच्या छातीवर हात ठेवला. छाती हलतच नव्हती. श्वास पोटाने चालला होता, आणि तोही घाईघाईने.

ते मलाही कळलं. पाय गेले, आवाज गेला, आता श्वासाची पाळी.

एक्स-रे झाला, कणा चांगला. रक्त तपासलं, रक्त चांगलं. दुपारपर्यंत ताई एका निष्कर्षावर आली. नसांना सूज येण्याचा एक आजार असतो, त्यात नेमकं असंच होतं. महिना-दीड महिना लागतो, पण कुत्रा बरा होतो. अट एकच, तोवर श्वास चालू राहिला पाहिजे. श्वास देणारं मशीन सहा तासांवरच्या मोठ्या हॉस्पिटलात. आमच्याकडे फक्त ऑक्सिजनची नळी.

ताईने हे सगळं ड्रायव्हरला सरळ सांगितलं. ती कधी गोड करून सांगत नाही.

"सहा तास टिकेल?" त्याने विचारलं.

"वाटत नाही."

तो बराच वेळ क्लीनरची दाढी कुरवाळत राहिला. "माझ्या डोळ्यांदेखत गुदमरू देऊ नका त्याला, डॉक्टर. पाच वाजेपर्यंत बघा. पाचला... ते इंजेक्शन द्या. मी धरून बसतो."

ताईने मान डोलावली. ती आतल्या खोलीत आली, समोर केसपेपर ठेवला आणि दोन्ही हातांनी डोकं धरून बसली. गोचिडीने पकड सोडली होती. मी असं तिला कधी पाहिलं नव्हतं, आणि मला ते मुळीच सहन झालं नाही. मला रडू यायला लागलं की मी केस सोडून पुन्हा बांधते, ही माझी जुनी सवय. म्हणून मी अंबाडा सोडला.

टक्कन काहीतरी फरशीवर पडलं.

पेन्सिल!

सकाळपासून माझ्या अंबाड्यात होती. मी खणात शोधत होते, टेबलावर शोधत होते, आणि ही डोक्यात! मी ती उचलली, ताईकडे पाहिलं, मग तिच्या पुढ्यातल्या केसपेपरकडे. वरपासून खालपर्यंत निळी शाई. पेन्सिलीची एक रेघ नाही.

"ताई," मी म्हटलं, "यातलं तू हाताने तपासलेलं कुठलं आणि त्यांनी सांगितलेलं कुठलं?"

"पेनने लिहिलंय म्हणजे..." ती म्हणाली आणि थांबली. मी पेन्सिल तिच्या नाकासमोर धरली. "ही माझ्या डोक्यात होती."

तिने कागद ओढून घेतला. बोट एकेका ओळीवरून खाली उतरायला लागलं. हातोडी, तपासलं. चिमटा, तपासला. डोळे, तपासले. एका ओळीवर बोट थांबलं. गोचीड: नाही.

"हे मी बघितलं?" ताईने मलाच विचारलं. मग ती उठली ती खुर्ची पाडूनच. "अहो! गोचिडी नाहीत असं तुम्ही म्हणालात ना? कधी बघितलं होतं?"

ड्रायव्हर गोंधळला. "छे, आमच्या क्लीनरला गोचिडी नसतात कधी. म्हणजे... असे उचकून नाही बघितले केस. केवढे केस आहेत!"

"गेल्या आठवड्यात कुठे होतात?"

"गाडी बंद पडली होती. दोन दिवस जंगलातच पडून होतो. हा नुसता झाडीत हुंदडत होता."

मी सांगते, त्या क्षणी ताईच्या अंगात वीज संचारली! काही गोचिडी रक्त पिताना लाळेतून विष सोडतात, आणि त्याने अगदी असाच लकवा होतो, मागून पुढे सरकत सरकत श्वासापर्यंत. एकच गोचीड पुरते. तीच काढली तर बहुतेक वेळा विष उतरतं आणि कुत्रा उठतो. महिन्यांत नाही, दिवसात! हे सगळं ताईने एका दमात सांगितलं, आणि ते सांगता सांगता तिने केस कापायचं मशीन सुरू केलंसुद्धा.

घड्याळात पावणेतीन वाजले होते.

मशीन दहा मिनिटं चाललं आणि केसांच्या गुंत्यात अडकून गप्प बसलं. मग कात्र्या. ताईने एका कागदावर कुत्र्याचं चित्र काढलं आणि त्याचे चौकोन पाडले. पाठ झाली, फुली. पोट झालं, फुली. शेपटीखाली, बोटांच्या बेचक्यांत, कानांत. फुल्या आता पेन्सिलनेच चालल्या होत्या, आणि दुसऱ्यांदा बोटं फिरवल्यावर पेनने. ड्रायव्हर एक पाय घेऊन बसला होता आणि एकेक केस बाजूला करत होता. गोचीड काही सापडेना. साडेतीन. पावणेचार. क्लीनरचा श्वास आता भात्यासारखा वाजायला लागला होता.

"असं नाही सापडणार," मी म्हटलं. "तुम्ही दोघं नुसती माती उकरल्यासारखं करताय. सरका!"

ताई बघतच राहिली. बारा वर्षांत मी कुत्र्याला बोट लावलं नव्हतं. पण लहानपणी आम्हा दोघींच्या डोक्यात उवा झाल्या की आई एकीला मांडीवर घ्यायची आणि भांग पाडायची. एक भांग, मग त्याला लागून दुसरा, मग तिसरा, सगळे एका दिशेने. मध्ये बोलायचं नाही, जागा सोडायची नाही. नंतर ताईच्या डोक्याचं काम आईने मला दिलं, कारण माझी बोटं बारीक. मी फरशीवर मांडी घातली, क्लीनरचं जड डोकं मांडीवर घेतलं आणि कपाळापासून भांग पाडायला सुरुवात केली. वास होता. असू दे.

डोकं झालं. गाल झाले. मी दाढीत शिरले. तिथे हनुवटीखाली केसांच्या गाठीच गाठी. "ती बिस्किटं आहेत," ड्रायव्हर ओशाळून म्हणाला, "चहात बुडवून खातो माझ्याबरोबर." खरंच बिस्किटं होती, वाळून दगड झालेली. एक गुठळी सोडवली, दुसरी सोडवली. तिसरी सुटेना. गुळगुळीत होती, वाटाण्याएवढी, राखाडी. मी नखाने जरा उचलली.

बिस्किटाला पाय होते!

मी अशी किंचाळले की बाहेर बसलेली तीन मांजरं पिंजऱ्यांत उड्या मारायला लागली. "गोचीड! ताई, गोचीड!" आयुष्यात पहिल्यांदाच हे नाव मी ताईसाठी घेत नव्हते.

ताईने चिमट्याने ती अगदी कातडीला चिकटून धरली, न पिळता, न झटकता हळूच ओढली. तोंडासकट आली. तिने ती काचेच्या बाटलीत टाकली आणि दोन्ही हातांनी माझे गाल धरून माझ्या कपाळाचा मुका घेतला. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. त्यानंतरही आम्ही उरलेले सगळे चौकोन पुरे केले, दुसरी सापडली नाही. क्लीनर आता पार भादरलेला, गुलाबी, मोठ्या उंदरासारखा दिसत होता.

आणि काहीच झालं नाही.

मला काय वाटलं होतं कोण जाणे, गोचीड निघाली की कुत्रा उठून पळेल! तो तसाच पडून होता. श्वास तसाच. पावणेपाच वाजले. पाच वाजले. ड्रायव्हरने घड्याळाकडे पाहिलं, मग ताईकडे.

"डॉक्टर, खात्री आहे तुमची?"

इथे दुसरा कुणीही डॉक्टर हो म्हणाला असता. मीही म्हटलं असतं. ताईने माझ्या हातातली पेन्सिल घेतली.

"खात्री नाही," ती म्हणाली. "विष उतरायला एक दिवस लागतो. तेवढा वेळ त्याचा श्वास टिकेल की नाही, मला माहीत नाही. पण टिकला तर हा उठेल. हे मी पेन्सिलने सांगतेय."

ड्रायव्हर कुत्र्याजवळ बसला. त्याने क्लीनरचा गुलाबी कान बोटांत धरला. मग त्याने फोन काढून ट्रकच्या मालकाला सांगितलं की गाडी उद्या निघेल, आणि आम्हाला म्हणाला, "मग पेन्सिलवर थांबतो."

ताईने मला घरी पाठवलं. मी झोपले असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी दार उघडलं. पहिल्याच खोलीत ड्रायव्हर बाकावर आडवा, घोरत. आत जायची मला भीती वाटत होती, खरंच सांगते. दाराशीच थांबले. आतून भात्याचा आवाज येत नव्हता. कसलाच आवाज येत नव्हता.

मी डोकावले. ताई बुटक्या स्टुलावर बसली होती, हातात ऑक्सिजनची नळी, केस विस्कटलेले. रात्रभर तिने श्वास मोजले होते, कागदभर आकडे होते. आता तिचे डोळे मिटत होते. आणि तिच्यासमोर गादीवर क्लीनर पडलेला होता, पण त्याचं डोकं वर होतं. वर! तो ताईकडे टक लावून बघत होता. छाती हलत होती, मोठ्या, शांत श्वासांनी.

ताईची मान हळूहळू खाली आली. हनुवटी छातीला टेकली.

क्लीनरने तोंड उघडलं. आधी नुसती फुंकर निघाली. मग एक फाटका, खरखरीत आवाज. मग त्याने अंगातला सगळा जोर एकवटला आणि तो भुंकला.

ताई स्टुलावरून उडालीच. बाहेर बाकावर ड्रायव्हर ताडकन उठून बसला, दोन्ही हात समोर स्टिअरिंगवर आणि उजवा पाय ब्रेकवर दाबलेला. तिथे ना स्टिअरिंग होतं ना ब्रेक. त्याला हे कळायला एक क्षण लागला. मग तो तसेच हात पुढे धरून आत धावत आला, आणि क्लीनर पुन्हा भुंकला, कारण ताईने आता डोळे पुसायला मान खाली घातली होती.

मी रडत होते, हसत होते, आणि अंबाडा सोडून बांधत होते. ताईने केसपेपर मांडीवर घेतला. मी घाईघाईने तिला पेन्सिल पुढे केली.

"ती ठेव तुझ्या डोक्यात," ती म्हणाली. "पेन दे."

आणि तिने लिहिलं. आवाज: आहे. स्वतः ऐकला.